मोटारसायकल-सहलींचा धंदा : एका भुसार व्यापाऱ्याचे अवलोकन

संघाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला की आम्ही आजवर ज्वारी, तूर आणि बारदान यांच्यापलीकडे कधी गेलो नाही. यंदा विषय निराळा आहे. आमच्या धाकट्या बंधूंचा चिरंजीव गेली पाच वर्षे लोकांस मोटारसायकलींवरून डोंगरदऱ्यांत फिरवून आणण्याचा व्यवसाय बेळगावात राहून करीत आहे. "लोक आपली हाडे खिळखिळी करून घेण्यासाठी पैसे मोजतात, हा कसला व्यापार?" असे पेढीवर येणाऱ्या अनेक बंधूंनी आम्हांस विचारले. आरंभी आम्हीही त्यास हेच विचारले होते. सबब या धंद्याचे स्वरूप वाचकांपुढे मांडावे असे वाटले.

हा धंदा भुसारासारखाच दोन हंगामांचा आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात चोर्ला घाट, आंबोली, तिलारी आणि पुढे गोवा अशा चार-पाच दिवसांच्या फेऱ्या निघतात. पावसाळ्यात हे घाट निसरडे होतात आणि आंबोलीचा पाऊस तर सर्वांस ठाऊकच आहे. परंतु याच सुमारास, म्हणजे जून ते सप्टेंबरमध्ये, लडाखचे रस्ते मोकळे असतात. खरीप आणि रब्बी यांची अशी जोडणी निसर्गानेच करून दिलेली आहे. चातुर्मासात मुनिमहाराज एका ठिकाणी थांबतात आणि आमचा नातू नेमका त्याच दिवसांत घर सोडतो, हे मात्र आमच्या मातोश्रींस अद्याप पटलेले नाही.

भांडवल गाड्यांत गुंतते. धान्य दोन महिने ठेवले तर भाव चढण्याची आशा तरी असते. मोटारसायकल उभी राहिली तरी तिचा घसारा चालूच राहतो. मोठ्या गाड्या घ्याव्यात असा पुतण्याचा हट्ट होता. परंतु २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी.सी.पर्यंतच्या मोटारसायकलींवरील जी.एस.टी. १८ टक्के झाला आणि त्याहून मोठ्या गाड्यांवरील ४० टक्के. आमच्या घाटांस साडेतीनशेची बुलेट पुरेशी आहे, हे मग त्यासही पटले. खरी मेख परवान्याची. भाड्याने मोटारसायकल देण्यासाठी केंद्र सरकारची १९९७ सालची स्वतंत्र योजना आहे. तीनुसार किमान पाच गाड्या असाव्या लागतात आणि रीतसर परवाना घ्यावा लागतो. गोव्यात काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या गाड्या आपण पाहिल्या असतील, त्या अशा भाड्याच्या. पांढऱ्या पाटीची घरगुती गाडी भाड्याने देणारे पुष्कळ आहेत; मात्र अपघात झाल्यावर विमा कंपनी प्रथम पाटीचा रंग पाहते, हे ध्यानात ठेवावे.

हिशेबाचे मर्म रिकाम्या जागेत आहे. मागून येणारी सामानाची जीप, तिचा चालक आणि मिस्त्री यांचा खर्च सहा गिऱ्हाईक असोत वा दहा, तेवढाच. त्यामुळे पहिल्या सहा-सात जागांत खर्च निघतो आणि नफा असलाच तर शेवटच्या दोन-तीन जागांत असतो. याच दोन-तीन जागांसाठी माणूस मोहात पडतो. घरची कामे वाटलेली आहेत : पुतण्या पुढे राहून तुकडी नेतो, सूनबाई नोंदणी, पत्रव्यवहार व कीर्द सांभाळतात आणि बंधू, ज्यांस साधी सायकलही चालविता येत नाही, ते गाड्यांचे तेल आणि टायर यांची वही ठेवतात.

लडाखची गोष्ट वेगळी. तेथे आपल्या गाड्या नेण्यात अर्थ नाही. बाहेरच्या भाड्याच्या मोटारसायकली घेऊन लेहच्या पुढे फिरण्यास तेथील भाडेवाल्यांची संघटना हरकत घेते. परक्या बाजारपेठेत जसा अडत्या लागतो, तसाच लेहमधील एका घरंदाज भाडेवाल्याशी पुतण्याने संबंध जोडला आहे. गिऱ्हाईक विमानाने थेट लेहला उतरते, आणि तेथूनच अडचणीस आरंभ होतो. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो. खारदुंग खिंडीत तो निम्म्यावर येतो. (या खिंडीच्या पाटीवर वर्षानुवर्षे १८,३८० फूट असे मिरवले गेले, नव्या मोजणीत ती ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारे १७,५८२ फूट भरली. मापातली ही तफावत आमच्या बाजारात खपली नसती.)

विरळ हवेशी जुळवून घेण्यास शरीरास अवधी लागतो. म्हणून लेहला उतरल्यावर निदान दोन दिवस खोलीत पडून राहावे, पाणी प्यावे, जिना सुद्धा सावकाश चढावा. त्यानंतर खारदुंग ओलांडून नुब्रा खोऱ्यात मुक्काम करावा, कारण ते खोरे लेहपेक्षाही खाली आहे. आणि सव्वाचार हजार मीटरवरील पँगाँग सरोवराचा मुक्काम सर्वांत शेवटी ठेवावा. यात गिऱ्हाईकाची तक्रार ठरलेली : "झोपण्याचे पैसे का द्यावेत?" ते दोन दिवस कापून स्वस्त सहल विकणारे बाजारात आहेतच.

दुसऱ्या वर्षी आमच्या ओळखीतून एक तुकडी आली. त्यांस घरच्या लग्नासाठी लवकर परतायचे होते. एक दिवस विश्रांती पुरे, नुब्रा नको, सरळ पँगाँगला चला, असा त्यांचा आग्रह होता. पुतण्या तयार नव्हता. त्याने लेहहून आम्हांस दूरध्वनी केला. आम्ही पेढीवर बसून, जन्मात एवढी उंची न पाहता, त्यास सांगितले, "अरे, दहा माणसे आहेत. गिऱ्हाईक दुखवू नकोस." चाळीस वर्षे आम्ही हेच करीत आलो होतो.

पँगाँगच्या काठी त्या रात्री चौघांची डोकी धरली, दोघांस उलट्या झाल्या. एका गृहस्थांस बसल्या जागी धाप लागू लागली आणि बोटास लावावयाच्या यंत्रावरील प्राणवायूचा आकडा उतरत चालला. अशा वेळी औषध एकच, ताबडतोब खाली उतरणे. परंतु पँगाँगहून लेहला उतरावयाचे म्हणजे आधी ५,३०० मीटरहून उंच असलेली चांग खिंड चढावी लागते. रस्त्याची ही रचना आम्हांस त्यापूर्वी ठाऊक नव्हती. प्राणवायूची नळकांडी लावून, जीपमध्ये निजवून, पुतण्याने त्यांस रात्रीच खिंडीपलीकडे आणले. तिसऱ्या दिवशी ते लेहच्या रुग्णालयातून चालत बाहेर पडले. मधल्या रात्री सूनबाई आमच्या घरी येऊन बसल्या होत्या. त्यांनी आम्हांस एका शब्दाने दोष दिला नाही. आम्ही त्या सबंध तुकडीचे पैसे पेढीतून परत केले.

तेव्हापासून सहलीच्या पत्रकात विश्रांतीचे दोन दिवस आरंभीच छापलेले असतात आणि ते कमी होणार नाहीत असे खाली ठळक लिहिलेले असते. पत्रक वाचून काही लोक पुन्हा विचारणा करीत नाहीत. यंदाच्या जूनच्या पहिल्या तुकडीत दहापैकी सात जागा भरल्या आहेत. हुबळीच्या तिघांनी एक दिवस कमी करण्याची अट घातली होती. त्यांनी दुसरा कोणी गाठला. या खेपेस पुतण्याने आमचा सल्ला विचारला नाही, आणि आम्हीही काही बोललो नाही.