रांजणवाडी : शेकावी, फोडू नये

निलंग्याच्या आमच्या गल्लीत कुणाच्या पापणीवर रांजणवाडी उठली, की डॉक्टरांच्या आधी शेजारच्या आजी धावून येतात. एक लवंग उगाळते, दुसरी लसणाची पाकळी सोलते, तिसरी तळहातावर बोट घासून चटका द्यायला सांगते. मी मराठीचा प्राध्यापक. वैद्यकी हा माझा प्रांत नव्हे. परंतु ऐन परीक्षेत एक विद्यार्थिनी लसणाने पापणी पोळून घेऊन आली. बुबुळ वाचले, हे तिचे नशीब! तेव्हा हा विषय मी डॉक्टरांकडून नीट समजून घेतला.

रांजणवाडी म्हणजे पापणीच्या केसाच्या मुळाशी असलेल्या बारीक ग्रंथीत जंतू शिरून झालेली गाठ. बहुधा ती आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआपच बरी होते. श्रेय मात्र लवंगेला मिळते!

आजींच्या उपायांत ऊब तेवढी खरी. हात धुऊन, स्वच्छ रुमाल सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळावा आणि मिटल्या डोळ्यावर ५ ते १० मिनिटे ठेवावा. असे दिवसातून ३-४ वेळा करावे. पाणी कढत नको. पापणीची कातडी फार नाजूक असते. रुग्णाचा टॉवेल वेगळा ठेवावा. दिवाळी असली तरी काजळ नको, कॉन्टॅक्ट लेन्सही नको. गाठ दाबून फोडणे तर मुळीच नको; त्याने जंतू आत पसरतात. दुकानातून आपल्या मनाने आणलेले थेंबही डोळ्यात घालू नयेत.

दोन दिवस शेकूनही दुखणे वाढतच असेल, दोन आठवड्यांनी गाठ तशीच असेल किंवा रांजणवाडी वरचेवर होत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. वरचेवर होणाऱ्यांनी रक्तातली साखरही तपासून घ्यावी. मात्र सूज गालापर्यंत पसरली, ताप आला, अंधुक दिसू लागले, डोळा हलवताना दुखू लागला किंवा पुढे आल्यासारखा वाटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लहान मुलांच्या बाबतीत तर तासाचाही उशीर नको.

निलंग्यात उपजिल्हा रुग्णालय आहे, लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. २००८ साली पद्मश्री मिळालेले नेत्रशल्यविशारद डॉ. तात्याराव लहाने याच जिल्ह्याचे. अशा जिल्ह्यात डोळ्याची परीक्षा लसणाने का घ्यावी? आजींची माया जरूर घ्यावी. लसूण मात्र फोडणीलाच ठेवावा.