नर्सिंगच्या आधीची वाट

महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंग करायचं तर बारावीला पीसीबी हवं, सीईटी द्यायची, आणि एकदा प्रवेश मिळाला की ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी पहिल्याच सेमिस्टरला कॉलेजच शिकवतं. इथे कॅलिफोर्नियात गणित उलटं आहे. हे विषय आधी, बहुधा कम्युनिटी कॉलेजात, चांगल्या ग्रेडनं पूर्ण करायचे आणि मगच नर्सिंगला अर्ज करायचा. या विषयांना सगळे प्रीरिक्विझिट म्हणतात. एच-४ व्हिसावर शिकता येतं, राज्यातले रहिवासी ठरल्यावर कम्युनिटी कॉलेजची फी युनिटला ४६ डॉलर पडते, त्यामुळे मुलं शाळेत जायला लागली की नर्सिंगचा विचार करणाऱ्या मराठी बायका इथे भेटतात. त्यांच्यातल्या कुणाचं गाडं अडलं तर ते बहुतेक वेळा याच टप्प्यावर अडतं. त्या हुशार असतात, कष्टाळू असतात. आखणी मात्र ऐकीव माहितीवर केलेली असते, आणि त्याची किंमत वर्षांत मोजावी लागते.

सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे 'ॲनाटॉमी ती ॲनाटॉमी, कुठेही केली तरी चालते'. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि मायक्रोबायॉलॉजी हे तीन लॅबसह जवळजवळ सगळीकडे लागतात. इंग्रजी, सायकॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स हेही बहुतेक ठिकाणी. पण केमिस्ट्री, न्यूट्रिशन, स्पीच यांचं प्रत्येक कॉलेजचं वेगळं. शिवाय विषय तोच असला तरी त्याची विभागणी वेगळी असते. कुपर्टिनोचं डी ॲन्झा कॉलेज क्वार्टर पद्धतीनं चालतं, आणि तिथे ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी एकत्र, तीन क्वार्टरांत विभागून शिकवतात. दुसऱ्या अनेक कॉलेजांत सेमिस्टर पद्धत आहे. तिथे एका सेमिस्टरला ॲनाटॉमी, पुढच्या सेमिस्टरला फिजिऑलॉजी. तीनपैकी दोन क्वार्टर करून कुणी घर बदललं आणि सेमिस्टरवाल्या कॉलेजात गेलं, तर हातातला अभ्यास ना पूर्ण ॲनाटॉमी, ना पूर्ण फिजिऑलॉजी. म्हणून एकत्र शिकवला जाणारा संच ज्या कॉलेजात सुरू केला तिथेच संपवायचा. नवऱ्याची नोकरी बदलण्याची शक्यता असेल, भाड्याचं घर सुटणार असेल, तर हे सुरू करण्याआधीच बोलून घ्यायला हवं.

आणि यादी एका कॉलेजची नको. जिथे जिथे अर्ज करायचा आहे त्या सगळ्यांच्या नर्सिंग विभागाच्या याद्या शेजारी शेजारी ठेवून पाहायच्या. राज्य विद्यापीठातली बी.एस.एन. पदवी मनात असेल तर 'असिस्ट' या संकेतस्थळावर कम्युनिटी कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या विद्यापीठात कशाच्या बदल्यात धरला जातो, ते दिसतं.

'माझं पुण्यात मायक्रोबायॉलॉजीत बी.एस्सी. झालंय, मला सूट मिळेल.' मिळू शकते, पण ती गृहीत धरू नये. भारतातल्या गुणपत्रिकांचं इथल्या मान्य संस्थेकडून कोर्सनिहाय मूल्यमापन करून घ्यावं लागतं, आणि कुठल्या संस्थेचं मूल्यमापन चालेल हे नर्सिंग विभाग ठरवतो. त्यातून विज्ञानाच्या विषयांना अनेक कॉलेजांत मुदत असते, कुठे पाच वर्षं, कुठे सात. अभ्यास त्याहून जुना असेल तर कितीही पक्का असला तरी पुन्हा करायचा. मूल्यमापनाचे पैसे भरण्याआधी विभागाला एक ईमेल करून लेखी उत्तर घेतलं, तर पुढचा मनस्ताप वाचतो. हीच मुदत उलट बाजूनंही लागू होते: मायक्रोबायॉलॉजी फार लवकर करून ठेवली आणि मध्ये बाळंतपण आलं, तर अर्ज करेपर्यंत तीही जुनी होऊ शकते.

'अवघड विषय समरमध्ये उरकून टाकू' असं सर्रास ऐकू येतं. याला उत्तर नियमातच आहे. सेमिस्टरवाल्या कॉलेजात एका युनिटमागे विद्यार्थ्यानं किमान ४८ तास द्यावेत असा इथला हिशेब आहे. त्यात वर्ग, लॅब आणि घरचा अभ्यास सगळं आलं. पाच युनिटांच्या ॲनाटॉमीचे २४० तास झाले. आठ आठवड्यांच्या समरमध्ये आठवड्याला ३० तास, सहा आठवड्यांच्या समरमध्ये ४०. म्हणजे पूर्णवेळ नोकरी, तीही मुलांना सुट्टी असताना. समरला स्पीच करा, सायकॉलॉजी करा. हाडं आणि स्नायू डोक्यात मुरायला वेळ लागतो, आणि तो वेळ सहा आठवड्यांत कोंबता येत नाही.

आता ग्रेडबद्दल, कारण इथे भारतातली सवय थेट नडते. आपल्याकडे नापास झालं तरच पुन्हा बसायचं असतं, आणि 'सी' म्हणजे पास. प्रवेशाची चुरस पाहता 'सी' फारसा कामाचा नाही. तरीही 'सी मिळाला तर पुन्हा घेईन' हा बेत कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत चालत नाही. काही अपवाद सोडले तर तिथे 'सी' मिळालेला कोर्स पुन्हा घेता येत नाही. 'डी', 'एफ' किंवा 'डब्ल्यू' (म्हणजे कोर्स मध्येच सोडल्याची नोंद) असेल तरच घेता येतो, आणि एका कोर्सला एकूण संधी तीन. त्या तिनात 'डब्ल्यू'सुद्धा मोजला जातो. 'डब्ल्यू'नं जीपीए बिघडत नाही हे खरं, पण म्हणून तो निरुपद्रवी नाही. काही नर्सिंग विभाग तर कोर्स किती वेळा घेतला हेही पाहतात. सेमिस्टरच्या सुरुवातीला एक तारीख असते, तिच्याआधी कोर्स सोडला तर 'डब्ल्यू' लागत नाही. त्यानंतरची दुसरी तारीख 'डब्ल्यू' घेऊन सोडण्याची. या दोन्ही तारखा पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात, आणि पहिल्या तारखेच्या आत निदान एक क्विझ देऊन आपला अंदाज घ्यावा.

प्राध्यापक निवडण्याच्या प्रश्नावर तर सल्ल्यांचा पूर असतो. 'अमक्यांचा वर्ग घे, ते डोळे मिटून ए देतात.' यात तथ्य मुळीच नाही असं म्हणता येणार नाही. ट्रान्सक्रिप्टवर प्राध्यापकाचं नाव नसतं. कडक शिक्षकाकडचा 'ए' आणि सैल शिक्षकाकडचा 'ए' अर्जात सारखेच दिसतात. पण अर्ज म्हणजे शेवट नव्हे. अमेरिकेच्या एअर फोर्स अकॅडमीत विद्यार्थ्यांना प्राध्यापक निवडता येत नाहीत, वाटणी यादृच्छिक असते आणि परीक्षा सगळ्यांना एकच. स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली तिथल्या नोंदींवरून दाखवलं, की पहिल्या कॅल्क्युलस कोर्समध्ये ज्यांच्या हाताखाली विद्यार्थी चांगले गुण मिळवत आणि ज्यांना शेरेही चांगले देत, त्यांचे विद्यार्थी पुढच्या कोर्समध्ये मागे पडत. अनुभवी, खोलात शिरणारे शिक्षक त्या वेळी कमी आवडत, पण त्यांचे विद्यार्थी पुढे टिकत.

नर्सिंगमध्ये हे 'पुढे' फार लवकर येतं. फार्माकॉलॉजीत फ्युरोसेमाइड येतं. ते मूत्रपिंडातल्या हेन्लेच्या वळणावर काम करतं, लघवीवाटे पाणी आणि सोडियम जातं, त्यांच्याबरोबर पोटॅशियमही. पोटॅशियम उतरलेल्या पेशंटला डिगॉक्सिन चालू असेल तर विषबाधेचा धोका वाढतो. फिजिऑलॉजीत ते वळण ज्यानं समजून घेतलं त्याला ही साखळी पाठ करावी लागत नाही. ज्यानं फ्लॅशकार्डावर भागवलं त्याला प्रत्येक औषध नव्यानं घोकावं लागतं, तेही वॉर्डात उभं राहून.

ऑनलाइन रेटिंगचे तारे मी याचसाठी जपून वाचते. मुळात तिथे लिहायला जातात ते फार खूश झालेले किंवा फार चिडलेले. बॉब उट्ल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये आधीच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा विद्यार्थ्यांनी शिक्षकाला दिलेले गुण आणि विद्यार्थी प्रत्यक्षात किती शिकले, यांत संबंध सापडला नाही. ताऱ्यांपेक्षा मजकुरातून तपशील वेचावा: परीक्षा किती, लॅब प्रॅक्टिकलला किती टक्के, फायनल सगळ्या अभ्यासक्रमावर आहे का, ईमेलला उत्तर येतं का. शक्य असेल तर जुना सिलॅबसच मिळवावा. दोनच परीक्षांवर सगळी ग्रेड असेल तर मूल तापानं फणफणलेली एक रात्र सेमिस्टर घालवू शकते. आठ छोट्या परीक्षा असतील तर सावरायला जागा राहते. घरसंसार सांभाळून शिकणाऱ्या बाईनं शिक्षकाच्या स्वभावापेक्षा आधी हे पाहावं.

ॲनाटॉमीच्या शिक्षकाबद्दल आणखी एक गोष्ट विचारायची, ती म्हणजे ओपन लॅब किती तास असते. प्रॅक्टिकल परीक्षेत टेबलाटेबलावर मॉडेल किंवा अवयव मांडलेले असतात, स्नायूत टाचणी खोचलेली असते, मिनिट-दीड मिनिटात नाव लिहून पुढच्या टेबलाकडे सरकायचं, आणि स्पेलिंग चुकलं तर अनेक ठिकाणी गुण कापतात. पुस्तकातल्या रंगीत चित्रावर तयारी केलेल्याला खऱ्या अवयवातले मज्जातंतू आणि शिरा वेगळ्या ओळखता येत नाहीत. त्याची सवय लॅबमध्ये तासन् तास उभं राहूनच होते, आणि लॅब संध्याकाळी किंवा शनिवारी उघडी नसेल तर लहान मुलं असलेल्या बाईला ती असून नसल्यासारखी.

विचारायचं कुणाला, तर नुकताच तो कोर्स संपवलेल्या मैत्रिणीपेक्षा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात असलेल्या कुणाला तरी. कुणी शिकवलेलं अजून उपयोगी पडतं हे तीच सांगू शकते. सोशिऑलॉजी किंवा स्पीचला सोयीची वेळ आणि सोपा शिक्षक खुशाल घ्या, त्यात काही वावगं नाही. विज्ञानाच्या तीन विषयांना मात्र शिक्षकासाठी थोडी पायपीट करावी. अर्थात निवडीची संधी मिळायला आधी नोंदणीची तारीख लवकरची हवी. ओरिएंटेशन आणि एज्युकेशन प्लॅन पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांना अग्रक्रम मिळतो. ज्या ते टाळतात त्यांच्या वाट्याला उरलेले वर्ग येतात. वेटलिस्टवर असाल तरी पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसा. न आलेल्यांची नावं कमी करून शिक्षक त्या जागा अनेकदा हजर असलेल्यांना देतात.

एक समज मात्र आपल्या बायकांचं उगाच नुकसान करतो: 'प्रवेश फक्त ग्रेडवर मिळतो.' कॅलिफोर्नियाच्या कायद्यानं कम्युनिटी कॉलेजांना नर्सिंग प्रवेशासाठी अनेक निकष एकत्र लावायची मुभा दिली आहे. त्यात जीपीए आणि टीज ही प्रवेश परीक्षा आहेच, शिवाय आरोग्यसेवेतला कामाचा किंवा स्वयंसेवेचा अनुभव आहे आणि इंग्रजीखेरीज दुसरी भाषा येणं हेही आहे. त्या भाषांच्या यादीत भारतीय उपखंडातल्या भाषांचा स्पष्ट उल्लेख आहे. ही पद्धत वापरणाऱ्या कॉलेजच्या अर्जात भाषेचा रकाना असेल तर तो रिकामा सोडू नका. मराठीला आणि हिंदीला गुण देतात का, आणि पुरावा म्हणून दहावी-बारावीची गुणपत्रिका चालते की भाषेची परीक्षा द्यावी लागते, हे अर्जाची मुदत सुरू होण्याच्या सहा महिने आधी विचारून ठेवा. भारतातून कागद मागवायला तेवढा वेळ लागतो.