हातातील दिशादर्शक यंत्र आणि त्याचे विद्युद्घट

हिमालयातील एखाद्या खिंडीत धुके उतरले, किंवा घनदाट अरण्यात सूर्य मावळला, म्हणजे पायवाट दिसेनाशी होते. अशा वेळी गिर्यारोहक, वनरक्षक अथवा भूमापक हातातील जीपीएस यंत्राकडे पाहतो. त्या यंत्रातील गणित कितीही सूक्ष्म असले, तरी त्यास चालविणारा विद्युद्घट, ज्यास व्यवहारात सेल म्हणतात, संपला की ते यंत्र म्हणजे एक निरुपयोगी डबी होय. दुर्दैव असे, की यंत्राची निकड ज्या वेळी सर्वांत अधिक, त्याच वेळी घट सर्वांत दुबळा असतो. रात्र पडलेली असते, थंडी वाढलेली असते, पडद्यामागील दिवा लावावा लागतो आणि घटातील बरीचशी ऊर्जा दिवसभरात खर्च झालेली असते. म्हणूनच ही ऊर्जा कोठून येते व कशी खर्च होते, हे जाणून घेणे प्रवाशाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

ऐकणारे यंत्र

जीपीएस ही अमेरिकेने उभारलेली व्यवस्था होय. तिचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडण्यात आला व १९९५ साली ती पूर्णपणे कार्यान्वित झाल्याचे जाहीर झाले. तिचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात आणि अचूक वेळ सांगणारे रेडिओसंदेश अखंड पाठवितात. हातातील यंत्र उपग्रहास काहीही कळवीत नाही. ते फक्त ऐकते. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले, म्हणजे ते येण्यास लागलेल्या वेळावरून यंत्र आपले अक्षांश, रेखांश व उंची काढते.

केवळ ऐकण्यास ऊर्जा ती किती लागणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हा संदेश विलक्षण क्षीण असतो. एका वॅटचे एक कोटी अब्ज भाग केले, तर त्यांपैकी एक-दोन भागांएवढीच शक्ती जमिनीवरील यंत्रापर्यंत पोहोचते. भोवतालच्या रेडिओगोंगाटात बुडालेला हा संदेश वेचून काढण्यासाठी यंत्रास प्रत्येक उपग्रहाच्या ठरावीक सांकेतिक मालिकेशी तो सतत ताडून पाहावा लागतो. ऊर्जेचा एक मोठा वाटा ह्या गणितात जातो. उरलेल्यात मुख्य हिस्सा पडद्यामागील दिव्याचा असतो.

घट तेवढाच, खर्च कमी

१९८९ साली अमेरिकेतील मॅगेलन कंपनीने सर्वसामान्यांसाठी हातात धरण्याजोगे पहिले जीपीएस यंत्र विक्रीस आणले. त्याचे वजन सुमारे ७०० ग्रॅम होते आणि त्याचे घट काही तासच पुरत. २०२३ साली गार्मिन कंपनीने आणलेले ईट्रेक्स एसई हे यंत्र पेन्सिल सेल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दोन घटांवर १६८ तास चालते, असे ती कंपनी सांगते. मधूनमधून जागे होऊन स्थान टिपण्याची रीत ठेवल्यास हाच आकडा १,८०० तासांवर जातो. ह्या काळात पेन्सिल सेलचा आकार बदलला नाही आणि त्यात मावणारी ऊर्जाही शंभर पटींनी वाढलेली नाही. बदल घडला तो खर्चात. यंत्ररचनाकारांनी जे कारखान्यात केले, तेच काही अंशी वापरणाऱ्यासही करता येते.

साधा हिशोब पाहू. चांगल्या अल्कलाइन घटांच्या जोडीतून सुमारे ६ वॅट-तास ऊर्जा मिळते. यंत्र ०.३ वॅट शक्ती घेत असेल, तर ते २० तास चालेल. दिवा सतत लावून हा खर्च ०.६ वॅटवर नेला, की तीच जोडी १० तासांतच संपेल.

घटांच्या तीन जाती

अशा यंत्रांत मुख्यतः तीन प्रकारचे पेन्सिल सेल वापरतात. अल्कलाइन घट स्वस्त व सर्वत्र उपलब्ध असतो. त्याचा दाब १.५ व्होल्टपासून हळूहळू उतरत जातो. निकेल-मेटल हायड्राइड घट पुन्हापुन्हा भारित करता येतो. त्याचा दाब १.२ व्होल्टच्या आसपास बराच काळ स्थिर राहतो व शेवटी एकदम कोसळतो. जुन्या पद्धतीचे असे घट नुसते पडून राहिले तरी आपोआप रिते होत. २००५ साली बाजारात आलेल्या सुधारित घटांनी हा दोष पुष्कळसा दूर केला. तिसरा लिथियम-आयर्न डायसल्फाइड घट. तो महाग असून पुन्हा भारित करता येत नाही. परंतु वजनाने अल्कलाइनच्या सुमारे दोन-तृतीयांश असून अधिक ऊर्जा देतो.

दाब उतरण्याची रीत भिन्न असल्यामुळे पडद्यावरील घटाचे चिन्ह फसवे ठरू शकते. बहुतेक यंत्रांत घटाचा प्रकार नोंदविण्याची सोय असते. ती नोंद योग्य केली, तरच शिल्लक ऊर्जेचा अंदाज खरा येतो.

थंडीचा परिणाम

घटातील वीज ही रासायनिक क्रियेतून निर्माण होते आणि थंडीत ही क्रिया मंदावते. अल्कलाइन घटातील द्रावण पाण्यात केलेले असते. तापमान उतरले, की घटाचा अंतर्गत रोध वाढतो व दाब घसरतो. लडाखमध्ये हिवाळ्यात पारा शून्याखाली २० अंशांच्याही खाली जातो. तेथे असा घट भरलेला असूनही संपल्यासारखा वागतो. लिथियम-आयर्न डायसल्फाइड घटात पाणी नसल्यामुळे तो शून्याखाली ४० अंशांपर्यंत काम देऊ शकतो. थंडीने गळालेला घट फेकून देण्याची घाई करू नये. आतल्या खिशात अंगाच्या उबेने तो तापला, म्हणजे पुष्कळदा पुन्हा कामास येतो.

ज्या यंत्रांत लिथियम-आयन बॅटरी कायमची बसविलेली असते, ती गोठणबिंदूखाली भारित करू नये. त्या स्थितीत धातुरूप लिथियमचा थर आत साचून बॅटरीची कायमची हानी होते.

काटकसरीचे नियम

दिवसा पडद्यामागील दिवा बंद ठेवावा. अशा यंत्रांचे पडदे बहुधा उन्हात आपोआप स्पष्ट दिसतात. मार्गाची नोंद दर सेकंदास न करता काही सेकंदांच्या अंतराने करावी. मोकळ्या मैदानात एकाच व्यवस्थेचे उपग्रह पुरत असतील, तर ग्लोनास, गॅलिलिओ इत्यादी अन्य व्यवस्थांचे ग्रहण थांबवावे. दरीत किंवा दाट झाडीत मात्र ते चालू ठेवणेच हिताचे.

वारंवार बंद-चालू करण्याने नेहमीच बचत होते असे नाही. उपग्रहांची नेमकी कक्षा सांगणारी माहिती दर ३० सेकंदांनी प्रसृत होते आणि काही तासच ग्राह्य राहते. यंत्र दीर्घकाळ बंद राहिले, तर ही माहिती नव्याने गोळा करावी लागते. म्हणून अल्प थांब्यात यंत्र चालू ठेवावे, दीर्घ मुक्कामात बंद करावे आणि पुन्हा सुरू करताना मोकळ्या आकाशाखाली क्षणभर स्थिर उभे राहावे.

जुने व नवे, किंवा भिन्न जातींचे घट एकत्र घालू नयेत. त्यांतील दुबळा घट सर्वांआधी संपून दुसऱ्यासही निरुपयोगी करतो. यंत्र महिनोन्‌महिने ठेवून द्यावयाचे असल्यास घट काढून ठेवावेत, कारण अल्कलाइन घटातून पाझरणारे क्षारद्रव्य धातूचे स्पर्शबिंदू खाऊन टाकते.

अखेरीस, यंत्राची निकड नसताना ते विसावलेले असावे आणि पिशवीत घटांची एक ताजी जोडी, कागदी नकाशा व चुंबकसूची असावी. चुंबकसूचीस घट लागत नाही. नकाशा वाचता येणारा प्रवासी यंत्राकडे दिवसातून मोजक्या वेळाच पाहतो. त्यामुळे रात्री धुक्यात गरज पडेल, तेव्हा त्याच्या यंत्रात ऊर्जा शिल्लक असते.