चाकामागचें कवच

तांदूळ जुना कीं नवा, केशर खरें कीं रंगविलेलें, भांड्याची कल्हई ताजी कीं उतरलेली, हें हातांत घेतांक्षणीं सांगणारीं वडील माणसें अजूनही पुष्कळ घरांत आहेत. परंतु त्याच घराच्या अंगणांत उभ्या असलेल्या मोटारीचा एखादा भाग बदलण्याची वेळ आली, कीं हींच चोखंदळ माणसें दुकानदार म्हणेल तें मुकाट्यानें मान्य करतात. 'आपल्याला त्यांतलें काय कळतें?' या एका वाक्यानें आपल्या शिकल्यासवरल्या कुटुंबांचे किती पैसे वाया जात असतील, याचा हिशेब कोणीं मांडीत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही मोटारीच्या अशाच एका उपेक्षित भागाविषयीं लिहिणार आहों.

चाकाच्या वर जो कमानदार पत्रा असतो त्यास आपण मडगार्ड म्हणतों. कारखानदार त्यास फेंडर म्हणतात. या पत्र्याच्या आंतल्या अंगास, चाक आणि पत्रा यांच्या मध्यें, काळ्या प्लॅस्टिकचें एक कमानीच्या आकाराचें आच्छादन बसविलेलें असतें. तेंच फेंडर लायनर. कोटास जसें अस्तर, तसें मडगार्डास हें अस्तर. गाडी धुतांना तें दिसत नाहीं, विकत घेतांना तें कोणी पाहत नाहीं, आणि फाटलें तरी गाडी चालतेच. म्हणून त्याची आठवण सहसा उशिरानेंच होते.

त्याचें काम मात्र क्षुल्लक नाहीं. ताशीं साठ किलोमीटर वेगानें जाणाऱ्या गाडीच्या टायरचा पृष्ठभाग सेकंदास सुमारें सतरा मीटर वेगानें फिरत असतो. त्या वेगानें उडणारे खडे, वाळू व चिखलाचें पाणी प्रथम या अस्तरावर आदळतें. अस्तर नसेल तर तें सरळ मागच्या पत्र्यावर आणि पत्र्यामागें दडलेल्या वस्तूंवर जातें. पुढच्या चाकांच्या अस्तरामागें कांच धुण्याच्या पाण्याची टाकी, भोंगा, दिव्यांच्या तारा व त्यांचे जोड असतात. पुष्कळ गाड्यांत इंजिनास हवा पुरविणारी नळीही तेथेंच उघडते. तारांच्या जोडांत पाणी शिरलें, तर दिवा मधूनमधून दगा देतो. इंजिनाच्या पट्ट्यावर चिखल उडाला, तर पट्टा किंचाळूं लागतो. आणि साचलेल्या पाण्यांतून जातांना हवेच्या नळीवाटें पाणी इंजिनांत गेलें, तर दुरुस्तीचा खर्च ऐकून यजमानांस खुर्चीचा आधार घ्यावा लागतो. याखेरीज मडगार्डाच्या दुमडीत चिखल ओला राहून पत्रा आंतून गंजतो, तो निराळाच. पूर्वींच्या ॲम्बॅसडर व पद्मिनी गाड्यांस असें अस्तर नसे. कमानीच्या उघड्या पत्र्यास गंज लागूं नये म्हणून डांबरासारखा लेप देत. त्या गाड्यांचीं मडगार्डें कशीं चाळणीसारखीं होत, हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस अस्तराची महती निराळी सांगावयास नको.

पनवेलकरांपुढें चाकाची गोष्ट काढणें हा वास्तविक आगाऊपणाच होय. सन १८३० मध्यें बोरघाटाचा रस्ता गाड्यांस खुला झाला, आणि मुंबईहून जलमार्गानें आलेला माल पनवेल बंदरांत उतरून बैलगाड्यांनीं घाटावर जाऊं लागला. गाड्यांचीं चाकें तयार करणें हा या गांवाचा प्रमुख धंदा होता, आणि देशावरचा काय किंवा कोंकणांतला काय, प्रत्येक गाडीवान पनवेलची चाकजोडी मिळविण्याची खटपट करी, अशी नोंद इंग्रजी अमदानींतील गॅझेटिअरांतही आहे. आज बैलगाड्या गेल्या, पण चाकें कांहीं पनवेल सोडून गेलीं नाहींत. पुण्याचा द्रुतगति मार्ग जवळच्या कळंबोलीहून निघतो, गोव्याचा महामार्ग पळस्प्याहून दक्षिणेस वळतो, आणि न्हावा-शेवा बंदराच्या मालमोटारी रात्रंदिवस धांवत असतात. त्यांतून रायगड जिल्ह्याचा पाऊस वर्षास सुमारें तीन हजार मिलिमीटर! गोव्याच्या रस्त्याच्या पनवेल ते इंदापूर या टप्प्याचें रुंदीकरण २०११ मध्यें सुरू झालें आणि तें कसें रेंगाळलें, हें दरवर्षीं गणपतीस गांवीं जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबास ठाऊक आहे. अशा पावसांत व अशा खड्ड्यांत चाकामागचें हें अस्तर पुष्कळदां प्रथम बळी पडतें.

आतां आमच्या घरचा अनुभव सांगतों. गतवर्षीं आषाढांत पाण्यानें भरलेल्या एका खड्ड्यांत आमच्या गाडीचें पुढचें डावें अस्तर फाटलें. एका दुकानांत गेलों. दुकानदारानें गाडीकडे न पाहतांच एक अस्तर काढून दिलें व म्हणाला, "साहेब, सगळ्यांना हेंच बसतें." किंमत अल्प होती. आम्हीं आनंदानें घेतलें, रस्त्यालगतच्या एका मुलाकडून बसवूनही घेतलें. एका ठिकाणीं भोंक जुळेना, म्हणून त्यानें तार बांधली. रिकामी गाडी सरळ रस्त्यावर चालवून पाहिली. कांहीं आवाज आला नाहीं. झालें, काम फत्ते!

पुढें चतुर्थीच्या आदल्या आठवड्यांत गणपतीची मूर्ति आणावयास आम्ही पेणला गेलों. परत येतांना गाडींत पांच माणसें, मागें सामान, आणि थोरल्या वहिनींच्या मांडीवर मूर्ति. कांहीं मैल गेल्यावर मागें बसलेल्या आक्का म्हणाल्या, "अरे, चाकाशीं कांहींतरी खरखरतें आहे. गाडी उभी कर."

आमचा पुतण्या म्हणाला, "आक्का, खडी लागत असेल."

"खडी अशी वळणावळणावर लागत नाहीं," आक्का म्हणाल्या. "उभी कर म्हणतें ना!"

उतरून पाहतों तों तार तुटली होती, अस्तराची कड टायरवर टेंकली होती, आणि घांसून घांसून पापडासारखी पातळ झाली होती. आणखी थोडें अंतर गेलों असतों, तर तें फाटून चाकांत गुंतलें असतें. मागून मालमोटारींची रांग, वर पाऊस, आणि रस्त्याच्या कडेस छत्रीखालीं मूर्ति धरून उभ्या असलेल्या वहिनी, हें दृश्य आम्ही विसरणार नाहीं. लोंबणारी कड दोरीनें आवळून, मंद गतीनें, आम्ही कसेबसे पनवेलीस पोंचलों.

तेथील एका वृद्ध कारागिरानें तें अस्तर काढलें, उलटसुलट पाहिलें आणि म्हणाला, "काका, माल अगदींच वाईट नाहीं, पण हा तुमच्या गाडीचा नाहीं. तुमच्या गाडीचा पुढचा आकार मध्यंतरीं बदलला. हा त्याच्या आधींचा आहे." रिकाम्या गाडींत दोष दिसला नाहीं, याचें कारणही त्यानें सांगितलें. माणसें बसलीं कीं गाडी खालीं दबते व टायर कमानीच्या जवळ येतो. त्यांत चाक वळलें कीं आधींच अवघडून बसविलेली कड टायरास लागते. त्यानें त्या दिवशीं जें शिकविलें, त्यांत पुढें आम्हीं चौकशी करून जी भर घातली, ती वाचकांपुढें ठेवतों.

पहिली गोष्ट ही, कीं अस्तर बदलण्याची गरज आहे काय, हें आधीं पाहावें. पुष्कळदां अस्तर धड असतें. त्यास धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या क्लिपा तेवढ्या गळलेल्या असतात. अशा वेळीं थोडक्या पैशांत नव्या क्लिपा लावून काम भागतें. कडेस लहानशी चीर असेल तर प्लॅस्टिक वितळवून जोडतांही येतें. परंतु क्लिपांचीं भोंकेंच फाटलीं असतील, मोठा तुकडा गेला असेल किंवा टायरनें घांसून तें पातळ झालें असेल, तर मात्र नवेंच घ्यावें.

दुसरी गोष्ट नांवाची आणि बाजूची. एकाच वस्तूस निरनिराळे कारखाने निरनिराळीं नांवें देतात. सुझुकीच्या यादींत ती 'फेंडर लायनिंग' असते, ह्युंदाईच्या यादींत 'व्हील गार्ड', होंडाच्या यादींत 'इनर फेंडर'. नांव ऐकून गोंधळूं नये. डावें-उजवें नेहमीं गाडींत बसून पुढें तोंड केलें असतां जें डावें-उजवें, तेंच धरतात. गाडीसमोर उभें राहून सांगितलें, कीं तें उलटें होतें आणि आग रामेश्वरीं, बंब सोमेश्वरीं असा प्रकार घडतो. म्हणून ड्रायव्हरची बाजू कीं क्लीनरची बाजू, असें स्पष्ट सांगावें. पुढचें कीं मागचें, हेंही सांगावें. कांहीं गाड्यांत एकाच चाकाचें अस्तर दोन तुकड्यांचें असतें, त्यांतला कोणता तुकडा हवा तेंही पाहावें.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे गाडीची कुंडली. नुसतें गाडीचें नांव पुरत नाहीं. नोंदणीपत्रावर सतरा अक्षरांकांचा चासी नंबर व गाडी तयार झाल्याचा महिना व वर्ष असतें; तें पत्र बरोबर न्यावें. कारखान्याच्या अधिकृत दुकानांत चासी नंबरावरून नेमका भाग-क्रमांक काढून देतात. तो क्रमांक लिहून घ्यावा. मग वस्तु कोठूनही घेतली तरी तो उपयोगी पडतो. पेट्रोल कीं डिझेल, धुक्याचे दिवे आहेत कीं नाहींत, चाकाचें माप कोणतें, यांवरूनही अस्तरांतील भोंकें व आकार बदलूं शकतात. गाडीस मूळ मापाहून रुंद टायर घातले असतील, तर योग्य अस्तरही घांसेल. तेथें दोष अस्तराचा नव्हे.

चौथी गोष्ट मालाची पारख. चांगलीं अस्तरें बहुधा पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीन या प्लॅस्टिकांचीं असतात. आंतल्या बाजूस पीपी किंवा पीई अशीं अक्षरें बाणासारख्या दोन चिन्हांमध्यें उठविलेलीं असतात, तीं पाहावीं. कांहीं गाड्यांत, विशेषतः मागच्या चाकांस, आवाज कमी व्हावा म्हणून नमद्यासारख्या जाड तंतूंचें अस्तर असतें; त्याच्या जागीं साधें प्लॅस्टिक बसविलें तर गाडींत खड्यांचा आवाज वाढतो. प्लॅस्टिकचें अस्तर हातानें हलकेंच वांकवून पाहावें. तें लवावें आणि सोडतांच पूर्ववत् व्हावें. वांकवतांना त्यावर पांढरी रेघ उमटली किंवा तें कडकडलें, तर तें खड्ड्यांत टिकणार नाहीं. जाडी सर्वत्र सारखी असावी, कडा साफ असाव्या. आणि जुनें अस्तर कितीही फाटलेलें असो, तें फेंकून न देतां बरोबर न्यावें व नव्याशेजारीं ठेवून भोंकन् भोंक ताडून पाहावें. आम्हीं एवढें केलें असतें, तरी वहिनींस पावसांत उभें राहावें लागलें नसतें.

कोठून घ्यावें? अधिकृत दुकानांतील वस्तु महाग पडते, पण जुळण्याविषयीं शंका राहत नाहीं. मुंबईस ऑपेरा हाउसच्या बाजारांत इतर कारखान्यांचाही माल मिळतो. त्यांतही चांगला माल असतो, पण पारख आपली आपण करावी लागते. कुर्ल्याच्या भंगार बाजारांत जुन्या गाडीचें मूळ अस्तर स्वस्तांत मिळूं शकतें. बंद पडलेल्या मॉडेलच्या मालकांस त्याचा उपयोग होतो, मात्र उन्हानें कडक झालेलें घेऊं नये. कोठेंही घेतलें तरी भाग-क्रमांक लिहिलेलें बिल मागावें. सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवर अठरा टक्के जीएसटी आहे. बिल नको म्हटल्यास तेवढी सूट देऊं, असें कोणी म्हणालें, तर ती सूट म्हणजे वस्तु परत करण्याचा आपला पुरावा विकणें होय.

विम्याचें काय, असें कोणी विचारील. साध्या विम्यांत प्लॅस्टिकच्या भागांच्या किंमतींतून निम्मी रक्कम कापतात, शिवाय ठराविक रक्कम मालकास स्वतः सोसावी लागते. आणि दावा न केल्याबद्दल पहिल्या वर्षीं वीस टक्क्यांपासून पुढें पन्नास टक्क्यांपर्यंत जी सूट मिळते, ती जाते. एका अस्तरासाठीं दावा करणें म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला.

शेवटीं बसविण्याविषयीं. जुनें अस्तर निघाल्यावर मागचा चिखल व पालापाचोळा धुऊन काढावा, पाणी जाण्याचीं भोंकें मोकळीं करावीं, गंज दिसल्यास खरवडून रंग द्यावा. क्लिपा नव्या व योग्य मापाच्याच घालाव्या. तार, दोरी किंवा पत्र्यांत नवें भोंक पाडून मारलेला स्क्रू, यांपैकीं कांहीं चालवून घेऊं नये. नव्या भोंकापासूनच गंजास आरंभ होतो. भोंक जुळत नसेल तर भोंक पाडण्याऐवजीं वस्तु परत करावी. मग स्टिअरिंग दोन्हीं अंगांस पूर्ण वळवून चाक व अस्तर यांत अंतर आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि घरचीं माणसें गाडींत बसवून, उंचवट्यांवरून व वळणांवरून एक फेरी मारावी. एकत्र कुटुंबाची गाडी रिकामी क्वचितच धांवते. तिची परीक्षाही भरल्या अंगानेंच व्हावयास हवी.

त्या वृद्ध कारागिरानें बसविलेल्या अस्तरानें एक पावसाळा काढला आहे. यंदा पेणला निघण्यापूर्वीं आक्कांनीं पुतण्याला स्टिअरिंग वळवावयास सांगितलें, स्वतः वांकून कमानींत हात घातला, क्लिपा एक एक करून दाबून पाहिल्या, आणि पदरास हात पुसून म्हणाल्या, "आतां निघा."