मांडवावरची काकडी आणि मधमाशी

चतुर्थी जवळ आली की गोव्यातील घराघरांत माटोळीच्या सामानाची जमवाजमव सुरू होते. नारळ-सुपारीच्या जोडीला काकडी, दोडकी, चिबूड अशी परसातली फळेही त्यात असतात. परंतु कित्येकदा वेल मांडवभर पसरतो, पिवळ्या फुलांनी बहरतो आणि बोटाएवढी काकडी पिवळी पडून गळून जाते. खत कमी पडले असावे, या समजुतीने शेणखताचे आणखी एक घमेले बुंध्याशी रिते केले जाते. पुष्कळदा उणीव खताची नसतेच; त्या फुलावर मधमाशी आलेली नसते.

काकडी, भोपळा यांच्या वेलीवर नर व मादी फुले निरनिराळी येतात. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ आरंभापासून दिसते. नर फुलाला नुसता बारीक देठ असतो. भोपळ्याचा पराग जड आणि चिकट असल्याने वारा तो वाहून नेत नाही. फूल पहाटे उमलते व दुपार होण्यापूर्वी मिटते. या मोजक्या तासांत पाऊस कोसळत राहिला तर मधमाशी बाहेरच पडत नाही. (दोडक्याचे फूल मात्र सायंकाळी उमलते, त्यामुळे त्याच्या वाट्याला रात्रीचे पतंगही येतात.)

वेलीला मधमाशी श्रावणात हवी असते, मधमाशीला मात्र पोट बारा महिने असते. काजू, आंबा, करवंद, जांभूळ फुलतात तो काळ तिच्या सुगीचा. खरी उपासमार पावसाळ्यात होते. म्हणून परसबागेचा विचार या दिवसांपासून करावा. नारळाला बहुधा दर महिन्याला नवा फुलोरा येतो; एखादे माड असलेले परस त्यामुळे मधमाशीला कधीच पूर्ण उपाशी ठेवत नाही. तेरडा आणि कुर्डू पावसातच फुलतात. उपटून टाकले जाणारे लाजाळूदेखील सकाळच्या वेळी तिला पराग पुरवते. तुळशीची मंजिरी रोप वाढावे म्हणून खुडली जाते. वृंदावनातील तुळशीची खुडावी, पण परसातील दोन-चार रोपे फुलू द्यावीत. सब्जा, शेवगा, कढीपत्ता यांनाही हेच लागू आहे. याउलट भरगच्च पाकळ्यांच्या जास्वंदीत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. डोळ्यांना ती सुंदर दिसते, मधमाशीला तिथे फारसे काही मिळत नाही.

मधमाशी म्हटले की पोळे आठवते. पण परसातील मोठे काम एकेकट्या राहणाऱ्या माशाही करतात. वांग्याचा पराग पुंकेसरांच्या टोकावरील बारीक छिद्रांतून बाहेर पडतो. भुंगा फुलाला बिलगून पंखांचे स्नायू थरथरवतो आणि मिठाच्या डबीतून मीठ सांडावे तसा पराग सांडतो. पोळ्यातल्या सातेरी माशीला ही विद्या अवगत नाही. आगशीच्या वांग्यांची ख्याती सांगताना या भुंग्याचा उल्लेख कोणी करत नाही, हा त्याच्यावर अन्यायच होय. भुंगा वाळक्या लाकडात, बांबूत घर कोरतो. निळ्या पट्ट्यांची माशी मातीत बीळ करते. डंख नसलेली इवलीशी माशी चिऱ्यांच्या भिंतीतील फटीत राहते आणि तोंडाशी राळेची छोटी नळी उभारते. अंगण-परस सगळे सिमेंटने लिंपले, भिंतीच्या फटी बुजवल्या, वाळका ओंडका जाळला, तर कितीही फुले लावली तरी त्यांना राहायला जागा उरत नाही. परसाचा एखादा उन्हाचा कोपरा उघड्या मातीचा ठेवणे एवढे पुरते.

फवारणीचा प्रश्न याहून नाजूक आहे. मावा दिसताच सकाळी फुललेल्या वेलीवर कीटकनाशक मारले जाते, नेमके मधमाशी येण्याच्या वेळी. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मावा धुऊन पाहावा. फवारणे अटळच असेल तर फुले मिटल्यावर, सायंकाळी आणि शक्यतो पानांवरच फवारावे. कडुनिंबाचा अर्कही उमललेल्या फुलांवर मारू नये.

लावलेली झाडे फुलायला अवधी लागेल. तोवर यंदाच्या काकडी-भोपळ्यासाठी जुना उपाय आहेच: ताजे उमललेले नर फूल खुडून पाकळ्या काढाव्यात आणि त्यातील पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावा. हे काम सकाळी लवकर, फूल टवटवीत असतानाच करावे.