पाना कोणाच्या हाती?

वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा हळहळ व्यक्त झाली ती तिच्या रूपाबद्दल. तिच्या पिढीच्या गाड्यांबरोबर मोटारमालकाचे एक स्वावलंबनही ओसरले, याकडे फारसे लक्ष गेले नाही. बॉनेट उघडताच कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, फॅनबेल्ट सारे डोळ्यांपुढे असे. प्लग पुसून, पॉइंट घासून मालक स्वतःच गाडी चालू करी; त्याची अक्कल जिथे थांबे, तिथून कोपऱ्यावरच्या मिस्त्रीची सुरू होई. काम घरी करावे की गॅरेजात न्यावे, हा केवळ खिशाचा आणि हौसेचा प्रश्न होता.

आता इंधन किती व केव्हा सोडावे हे गाडीतला संगणक ठरवतो. प्रदूषण आटोक्यात आणायचे तर हा बदल अटळच होता. त्याबद्दल कुरकुर अप्रस्तुत होय. दोषाचा संकेतांक वाचणारा साधा स्कॅनर बाजारात मिळतोही. परंतु काही सुटे भाग नुसते बसवून भागत नाही. त्यांची गाडीच्या संगणकाशी ओळख पटवावी लागते आणि त्यासाठी लागणारी सामग्री कंपन्या सहजासहजी हातची सोडत नाहीत.

ही तक्रार काल्पनिक नव्हे. सुटे भाग व तपासणीची साधने खुल्या बाजारात न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी नाकारू नये, असेही बजावले. कंपन्यांनी अर्थातच दाद मागितली. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ काढले; पण माहिती देणे निराळे आणि बंधन घालणे निराळे.

याचा अर्थ मालकाने प्रत्येक कामात हात घालावा असा नव्हे. एअर फिल्टर बदलणे, बॅटरीच्या टोकांवरचा पांढरट क्षार काढणे, वायपरची रबरे बदलणे ही घरची कामे. ब्रेक, एअरबॅग आणि विजेवरील गाडीची उच्च दाबाची जोडणी मात्र जाणकारावरच सोपवावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे हे तर धाडस नसून अविचार होय. प्रश्न आहे तो यांच्या मधल्या कामांचा. तिथे मिस्त्रीचे कसब अजून शाबूत आहे. वॉरंटी जाईल या धाकाने गिऱ्हाईकच त्याच्या दारावरून पुढे निघून जाते.