पडद्यावरची गाय आणि खोड्यातली गाय

नीटचे मार्क एमबीबीएसला कमी पडले की पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या बऱ्याच घरांत व्हेटर्नरीचा विचार सुरू होतो. पनवेलमध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय नाही. जवळचं म्हणजे परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, 1886 साली सुरू झालेलं. खांदेश्वरला हार्बरची गाडी पकडायची, शिवडीला उतरायचं. मग घरातलं कोणीतरी म्हणतंच, "एवढी दगदग कशाला? प्रॅक्टिकल काय, हल्ली सगळं यूट्यूबवर असतं."

असतं खरं. पण नेमकं काय असतं आणि काय नसतं, याबद्दल दोन्ही बाजूंनी बरेच गैरसमज आहेत.

पहिला आणि सर्वांत मोठा गैरसमज असा, की नीट पाहिलं की हाताला जमतं. गाय गाभण आहे का हे तपासताना डॉक्टर खांद्यापर्यंत हातमोजा चढवतो, गुदमार्गातून हात आत घालतो आणि आतड्याच्या भिंतीपलीकडचं गर्भाशय चाचपतो. कॅमेऱ्याला यातलं काय दिसतं? शेपटी, डॉक्टरची पाठ आणि कोपरापर्यंत आत गेलेला हातमोजा. धडा सगळा आत चाललेला असतो, बोटांच्या टोकांशी. कृत्रिम रेतनातही तेच. एका हाताने आतून गर्भाशयाचं मुख धरायचं आणि दुसऱ्या हाताने वीर्य सोडायची गन पुढे सरकवायची. हे मुख कोंबडीच्या मानेसारखं लागतं, असं शिकवतात. त्यात एकामागे एक कडी असतात. गनचं टोक ती सगळी ओलांडून किंचित पुढे गेलं की वीर्य सोडायचं. नवख्याची गन मधल्याच एखाद्या वळीत अडकते आणि आपण पोहोचलो असं त्याला वाटतं. ही चूक तिथेच उभ्या असलेल्या शिक्षकालाही दिसत नाही, मग व्हिडिओत कुठून दिसणार?

ब्रिटनमध्ये सारा बेली या पशुवैद्यक महिलेने नेमकी हीच अडचण हेरली. ग्लासगो विद्यापीठात त्यांनी 'हॅप्टिक काऊ' नावाचं यंत्र घडवलं. त्यात विद्यार्थी हात घालतो तेव्हा संगणक त्याच्या बोटाला अवयवांचा स्पर्श भासवतो आणि त्याचं बोट आत कुठे फिरतंय ते शिक्षकाला पडद्यावर दिसतं. इथे पडदा विद्यार्थ्यासाठी नाही, शिक्षकासाठी आहे. मला ही कल्पना फार आवडते.

आता उलट बाजू. "आमच्या वेळी कुठे होते व्हिडिओ? गाईमागे उभं राहूनच शिकलो," असं जुनी मंडळी म्हणतात, आणि व्हिडिओ म्हणजे 2020 च्या लॉकडाऊनमधली तात्पुरती सोय होती असं धरून चालतात. हेही बरोबर नाही. त्याच कृत्रिम रेतनातलं निम्मं काम गाईच्या बाहेरच होतं. उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमधून वीर्याची स्ट्रॉ काढताना ती ठेवलेला कॅनिस्टर कंटेनरच्या गळ्याच्या वर येऊ द्यायचा नाही. स्ट्रॉ 37 अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट ठेवायची, मग कोरडी पुसायची, कारण पाण्याचा थेंबसुद्धा शुक्राणूंना मारक ठरतो. कापसाच्या बुचाची बाजू गनमध्ये घालायची आणि बंद केलेलं टोक सरळ कापायचं. यातली एक पायरी चुकली तर पुढे हात कितीही तयार असला तरी गाय उलटते, म्हणजे गाभण राहत नाही. हा क्रम डोळ्यांनी शिकण्याचा आहे आणि तो व्हिडिओइतका चांगला दुसरं काहीच शिकवत नाही. थांबवा, मागे घ्या, पुन्हा बघा.

शिवाय गाईचाही प्रश्न आहेच. एका जनावरात वर्गातल्या प्रत्येकाने हात घातला तर आतड्याचं अस्तर सुजतं, रक्त येतं. म्हणून एका गाईला मोजकेच हात लागू द्यायचे असतात. वाट्याला आलेली ती दोन-चार मिनिटं हातमोजा कुठला आणि गन कुठली हे विचारण्यात घालवायची, की आतलं गर्भाशय शोधण्यात? घरून व्हिडिओ पाहून आलेला विद्यार्थी दुसरं करू शकतो.

काही गोष्टी तर प्रत्यक्षात बघायला मिळू नयेत अशाच असतात. फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स, झाल्याचा संशय असलेलं मेलेलं जनावर फाडायचं नसतं. फाडलं की जंतूंचे बीजाणू तयार होतात आणि वर्षानुवर्षं मातीत टिकतात. नाकातोंडातून आलेलं न गोठणारं काळपट रक्त पडद्यावर एकदा नीट पाहून ठेवलं, तर पुढे सुरी हातात घ्यायच्या आधी आठवेल.

मात्र कुठलाही व्हिडिओ चालतो, असं नाही. परदेशी व्हिडिओतली होल्स्टीन लोखंडी सापळ्यात अडकवलेली असते. आपल्याकडे बाभळीला दावं बांधून काम करावं लागतं. म्हशीचा माज मुका असतो, त्यामुळे गाईच्या माजाची लक्षणं दाखवणारा व्हिडिओ पाहून म्हशीच्या गोठ्यात गेलेला फसतो. समोरून चित्रण केलेलं असेल तर डावं-उजवं मनात उलटवून घ्यावं लागतं. ते काम करणाऱ्याच्या खांद्यामागून केलेलं हवं. आणि उघड्या हाताने वासरू ओढून काढणाऱ्याचे जे व्हिडिओ लाखो लोक बघतात, ते तर वर्गात दाखवायचे झाले तर 'असं करू नका' म्हणूनच दाखवावेत. अडलेल्या किंवा गर्भ टाकलेल्या गाईच्या स्रावातून ब्रुसेलोसिस माणसाला होऊ शकतो.

"पण प्राण्यांवर शिकणं बंद झालंय ना?" हा प्रश्नही अनेक पालक विचारतात. गल्लत कुठे होते ते सांगतो. यूजीसीने 2011 मध्ये प्राणिशास्त्राच्या वर्गातलं विच्छेदन टप्प्याटप्प्याने थांबवण्याच्या सूचना दिल्या. त्या बी.एस्सी., एम.एस्सी.च्या वर्गांसाठी होत्या. पशुवैद्यकाचा अभ्यासक्रम भारतीय पशुवैद्यक परिषद ठरवते. तो साडेपाच वर्षांचा आहे आणि त्यातलं एक वर्ष सक्तीच्या इंटर्नशिपचं, म्हणजे जिवंत जनावरांचं आणि त्यांच्या मालकांचं.

व्हिडिओ बघून शेतकऱ्याने किंवा हौशी मुलाने स्वतःच उपचार करावेत का, याचं उत्तर कायद्यात आहे. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पदवीधरालाच करता येतो. पदविका किंवा प्रमाणपत्रधारकांना राज्य सरकारच्या आदेशाने किरकोळ सेवा देता येतात, त्याही नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली.

कॉलनीत घरटी नाही तरी जिनाटी एक कुत्रा असेल. त्यांच्या मालकांनी मात्र व्हिडिओ जरूर काढावेत. कुत्र्याला फिट आली तर क्लिनिकला पोहोचेपर्यंत ती थांबलेली असते आणि टेबलावर चढवलेलं लंगडं कुत्रं भीतीने लंगडणं विसरतं. फिट आली तर आधी आजूबाजूचं फर्निचर बाजूला करा, तोंडात हात घालू नका आणि मग मोबाईल आडवा धरून पूर्ण शरीर दिसेल असं चित्रण करा. किती वेळ चाललं तेही त्यातून कळतं. लंगडत असेल तर एकदा बाजूने आणि एकदा मागून, साध्या चालीत चालवून. डॉक्टर तो व्हिडिओ आधी मागतील, कुत्रा नंतर तपासतील.